धाव बदलायची, चाक नाही

वराळे हे तळेगाव स्टेशनापासून जवळचं, इंद्रायणीकाठचं गाव. एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला तळेगावची एमआयडीसी, आणि गावाच्या हद्दीतच इंजिनिअरिंग कॉलेज. त्यामुळे इथे एकाच घरात तीन पिढ्यांचे तीन तऱ्हेचे हात दिसतात. आजोबांनी बैलगाडीच्या चाकाला तापलेली लोखंडी धाव चढवलेली असते. मामाने टूल रूममध्ये मोल्ड घासलेला असतो. भाची सर्किटचा आराखडा काढत बसलेली असते. पुढच्या संवादातले मामा आणि भाची असेच घरोघर भेटणारे आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत.

भाचीचा निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचा गेम, लोकलमधून उतरताना प्लॅटफॉर्मवर पडला. पडदा वाचला. मागचा बारका स्टँड निघून कुठेतरी गेला, आणि खालच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या भोकापासून हवेच्या फटींपर्यंत तडा गेला. तिने नवी पाठ मागवली आहे. मामा आयटीआय केलेले, प्लास्टिकच्या मोल्डवर पंचवीस वर्षं घालवलेले. ओट्यावर चहा झाला आहे, आणि स्टीलच्या ताटात स्क्रू ड्रायव्हर मांडलेले आहेत.

मामा : आधी एक सांग. गेम चालू होतोय ना?

भाची : होतोय.

मामा : चार्ज होतोय? गरम होत नाही?

भाची : सगळं ठीक आहे, मामा. फक्त मागचं कव्हर फुटलंय.

मामा : मग उघडतेस कशाला? चालत्या यंत्राला हात लावू नये, हा टूल रूमचा पहिला धडा. स्टँड हरवला तर स्टँड आण. तो वेगळा मिळतो, दाबून बसवता येतो, त्याला स्क्रू लागत नाही. तडा गेलाय तर त्याच्या टोकाला सुईएवढं भोक पाड, म्हणजे तो पुढे सरकायचा थांबेल. मग आतून एपॉक्सी भर. आपल्याकडे भांड्याला डाग देत होते, पातेलं बदलत नव्हते.

भाची : स्टँडचं तुम्ही म्हणता ते मान्य. तेवढ्यासाठी मी पाठ मागवली नसती. पण हा तडा स्क्रूच्या भोकातूनच निघालाय. तिथे स्क्रूला बसायला जागाच उरली नाही. कडा उचलली गेलीय, नख आत जातं. गेम आतली हवा मागच्या फटींतून ओढतो आणि वरून सोडतो. तडा नेमका त्या फटींपर्यंत पोचलाय. रस्त्यावर ट्रकची धूळ किती असते ते तुम्हाला माहीत आहे. ती सगळी पंख्यात जाणार. आणि एपॉक्सी ओघळून फटीत बसलं तर हवाच बंद.

मामा : (बोट फिरवून बघतात) हं. भोकापासून तडा म्हणजे जोर बाजूने आला. पण हा कोपरा पडल्यामुळेच उचलला, हे तुला कसं कळलं?

भाची : म्हणजे?

मामा : अगं, पाठ दोन कारणांनी उचलते. एक बाहेरच्या माराने, दुसरं आतल्या फुगवट्याने. लिथियमची बॅटरी फुगली की तीही कव्हर ढकलते. तू वरून नवं कव्हर घट्ट आवळशील आणि फुगलेली बॅटरी आत कोंडशील. तो आजार झाकणं झालं. सपाट फरशीवर ठेव, पडद्याच्या बाजूने. हलतंय का बघ.

(भाची ठेवते. गेम हलत नाही, मध्यभागी उंचवटाही नाही.)

मामा : ठीक. मार बाहेरचाच आहे. पण चार्ज थोडाच राहू दे आणि यंत्र पूर्ण बंद कर, नुसतं झोपवू नकोस. तरीही माझं मत आहेच. हे काम ज्याचं त्याला द्यावं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर असेल ना कुठे? पुण्यात, नाहीतर मुंबईत?

भाची : नाही. मार्च 2017 मध्ये स्विच जगात आला, पण निन्टेन्डो तो आपल्याकडे अधिकृतपणे विकतच नाही. इथे दिसणारा प्रत्येक स्विच कुणीतरी बाहेरून आणलेला, नाहीतर आयात करणाऱ्या दुकानदाराकडून घेतलेला. ज्याच्याकडे द्यायचं असं तुम्ही म्हणता, तो माणूसच इथे नाही. वॉरंटीचा कागद आहे, पण तो दुसऱ्या देशात चालतो.

मामा : मग तापकीर गल्लीत दे. बुधवार पेठेत हात बसलेले कारागीर आहेत.

भाची : सर्किट जळलं तर नक्की देईन. पण ही पाठ आहे. हिच्यात एकही तार नाही, चिप नाही, पट्टी नाही. तिच्याखाली धातूचा पत्रा आहे. त्याखाली पंखा, बॅटरी आणि बोर्ड. मला त्या पत्र्याला हातच लावायचा नाही. हे काम म्हणजे घराचं दार बदलणं, भिंत पाडणं नव्हे. प्रत्येक गेमचं असं नसतं. सोनीच्या जुन्या पीएसपीत सगळा संसार मागच्या बॉडीतच मांडलेला. तिथे पाठ बदलायची म्हणजे पडदा, बोर्ड, चकती फिरवणारा भाग, सगळं उपसावं लागतं. तो असता तर मीही दोनदा विचार केला असता.

मामा : कंपनीला वाटलं असतं तुम्ही उघडावं, तर साधे स्क्रू नसते का लावले? ते बघ, तीन पाकळ्यांचे आहेत. आमच्याकडे मशीनच्या इलेक्ट्रिक पॅनलला कुलूप असतं. ते उगाच नसतं. माणूस मरू नये म्हणून असतं.

भाची : तुमच्या पॅनलमध्ये चारशे पंधरा व्होल्ट असतात, मामा. तिथलं कुलूप जीव वाचवायला आहे. इथलं कुलूप कुणाला वाचवतं? तीन पाकळ्यांचा स्क्रू ड्रायव्हर चार पैशात मिळतो, म्हणून चोर थांबत नाही. थांबतो तो साधा माणूस. त्याला वाटतं, आपण काहीतरी बेकायदा करतोय. अमेरिकेत 2018 च्या एप्रिलमध्ये तिथल्या व्यापार आयोगाने सहा कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं, की आमचेच भाग वापरा, सील फाडलंत तर वॉरंटी गेली, अशा अटी ग्राहकांवर लादू नका. त्या सहांत निन्टेन्डो होती, सोनी होती, मायक्रोसॉफ्टही होती.

मामा : ते अमेरिकेत.

भाची : आपल्याकडेही झालंय, मोटारींच्या बाबतीत. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. आरोप काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला कामच करता येऊ नये अशी व्यवस्था करतात. मग 2022 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टल सुरू झालं. त्यात चार क्षेत्रं धरली आहेत: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि वाहनं.

मामा : त्यात तुझा गेम कुठे आहे?

भाची : नावानिशी नाही. आणि मला तेच खुपतं. आपल्या ई-कचऱ्याच्या नियमांच्या यादीत मात्र हातातल्या व्हिडिओ गेमचं नाव स्पष्ट आहे. हे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. म्हणजे वस्तू कचऱ्यात गेली की तिला नाव मिळतं. ती वाचवायची असते, तेव्हा नाही.

(मामा गप्प होतात. ताटातला एक स्क्रू ड्रायव्हर उचलून त्याचं टोक अंगठ्यावर घासून बघतात.)

मामा : हक्काचं पटलं. पण हक्क असणं वेगळं आणि माल चांगला असणं वेगळं. ते नवं कव्हर दाखव.

(भाची पारदर्शक पाठ पुढे करते. मामा ती उजेडात धरून तिरपी करतात.)

मामा : पॉलिकार्बोनेट म्हणतात का हे?

भाची : पाकिटावर तसं छापलंय.

मामा : पाकिटावर काहीही छापता येतं. पॉलिकार्बोनेटचा दाणा हॉपरमध्ये टाकण्याआधी एकशे वीस अंशांवर तीन-चार तास सुकवावा लागतो. ओला दाणा मशीनमध्ये गेला तर पाण्याची वाफ होते, मालाची साखळी तुटते, आणि पीस दिसायला बरा निघाला तरी ठिसूळ होतो. पारदर्शक पिसावर चंदेरी रेघा दिसतात, त्या त्याच्याच. इथे बघ, कोपऱ्यात एक आहे. आता स्क्रूच्या भोकाभोवती बघ. पांढुरकं झालंय ना? तिथे ताण साठलाय. वाकवलंस तर तिथूनच जाणार. आणि ही कड? ही पापडासारखी पातळ शीर म्हणजे फ्लॅश. मोल्डचे दोन भाग नीट मिटले नाहीत की मधून माल बाहेर येतो. आमच्याकडे असा पीस नापास मालाच्या लाल क्रेटमध्ये जातो.

भाची : म्हणजे हे फेकून देऊ?

मामा : एवढी घाई नको. जुनं कव्हर काढशील तेव्हा दोन्ही एकावर एक ठेव. स्क्रूची भोकं जुळतात का बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हवेच्या फटी जुळतात का बघ. प्लास्टिक थंड होताना आक्रसतं. मोल्ड करणाऱ्याने ते आक्रसणं धरून साचा मोठा करायचा असतो. शंभर मिलिमीटरला अर्धा मिलिमीटर इकडे की तिकडे, एवढाच खेळ. तुझा पीस त्याच्या दीडपटीहून जास्त लांब आहे. ज्याने नुसती जुनी पाठ मोजून साचा केला, त्याचं भोक शेवटच्या टोकाला हुकणार. तू ते जोर लावून बसवशील, आणि महिन्याने पुन्हा तिथूनच तडा.

भाची : हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामा : पुस्तकात असतं, पण हातात यायला पीस लागतो. आता मला एक सांग, हे पारदर्शक कशाला? दुरुस्ती म्हणतेस आणि शोभा मागवतेस. फुटलं म्हणून बदलते आहेस, की कंटाळा आला म्हणून?

भाची : दोन्ही आहे, खोटं कशाला बोलू? पण पारदर्शक ही नुसती शोभा नाही. निन्टेन्डोने स्वतःच 1995 मध्ये गेम बॉय या आपल्या जुन्या हातातल्या खेळाचं पारदर्शक मॉडेल काढलं होतं. मला आतलं दिसायला हवंय. पत्रा कुठे आहे, हवा कुठून जाते. काळ्या कव्हरात ती डबी असते, पारदर्शक कव्हरात ते यंत्र असतं.

मामा : पण जुन्या कव्हरावर तुझी चार वर्षं आहेत. तो ओरखडा कॉलेजच्या पहिल्या दिवसाचा, तूच सांगितलंस. आखाती युद्धात होरपळलेला एक गेम बॉय निन्टेन्डोच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानात काचेआड ठेवला होता, असं तूच मला दाखवलं होतंस. बॉडी वितळलेली, आणि आत खेळ चालू. त्यांनी बदललं का ते कव्हर? नाही. का? कारण तीच त्याची ओळख. वस्तूवरचे घाव पुसले की तिचं वयच पुसलं जातं.

भाची : तो काचेआड होता, मामा. तो कुणी रोज हातात घेत नव्हतं. त्याचं काम बघितलं जाण्याचं, माझ्या गेमचं काम वापरलं जाण्याचं. आजोबांची बैलगाडी आठवा. धाव झिजली की नवी चढवायचेच ना? झिजलेल्या धावेत आजोबांची वर्षं होती म्हणून कुणी ती ठेवून घेतली का?

(मामा पहिल्यांदा हसतात.)

मामा : धाव चढवताना मी पाहिलंय. लहान होतो. गोवऱ्या रचून पेटवायच्या. त्यांत लोखंडाची कडी लाल होईपर्यंत तापवायची. कडी मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान केलेली. तापली की ती फुगते, मग सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी. चर्र आवाज व्हायचा. कडी आक्रसली की आरे, तुंबा, सगळं आवळलं जायचं. एकही खिळा नाही. तेही आक्रसण्याचंच गणित, माझ्या मोल्डसारखं.

भाची : आणि धाव का लावायची?

मामा : दगडाचा मार चाकाने खाऊ नये म्हणून. तो धावेने खायचा.

भाची : मग ही पाठ म्हणजे धावच ना? बोर्डाने मार खाऊ नये म्हणून तिने खाल्ला. तिचं काम झालं. धाव बदलायची, चाक नाही.

मामा : (थोडं थांबून) पटलं. पण धाव चढवणारा लोहार सुतार नव्हता, आणि सुतार लोहार नव्हता. ज्याचं त्याला येत होतं. तू शिकल्याशिवाय हात घालू नकोस.

भाची : मग शिकवा. तळेगावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तो कशासाठी? लोकांकडून एकेक पैसा गोळा करून काच विकायचीच असती तर दुकान पुरलं असतं. तिथे माणसं काच करायला शिकली, आणि शिकून देशभर गेली. आपल्या गावापासून चार पावलांवर हे झालंय. आणि आपण घरातला एक स्क्रू काढायला घाबरायचं?

(मामा खुर्ची ताटाजवळ ओढतात.)

मामा : बस. पहिली गोष्ट, कागदावर यंत्राची पाठ काढ आणि जिथून स्क्रू निघेल तिथेच कागदावर चिकटव. लांबीत फरक असतो. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की तळ फोडतो. मेमरी कार्ड आणि गेमचं कार्ड आधीच बाहेर काढ. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सरकवून काढ. मागचे चार तीन-पाकळीवाले. कडांचे फुलीचे. हे जपानी फुलीचे आहेत, आपला नेहमीचा ड्रायव्हर यांत नीट बसत नाही, डोकं खातो. खाली दाब जास्त, फिरवणं कमी.

भाची : एक स्टँडच्या खाली लपलेला असतो, मेमरी कार्डाच्या खाचेत.

मामा : तोच विसरतात आणि कव्हर ओढतात. आणि वरचं कार्डाचं झाकण उघडं ठेव, नाहीतर पाठ तिथे अडकेल. ओढायचं नाही. अडलं तर समजायचं, एक स्क्रू राहिलाय.

(पाठ सुटते. मामा दोन्ही पाठी एकावर एक ठेवून उजेडात धरतात. भोकं जुळतात. फटी एका टोकाला केसभर सरकलेल्या, पण उघड्या. मामा ब्लेडने कडेची शीर काढतात.)

मामा : चालेल. लाल क्रेटमधला पीस नाही, सुधारून घ्यायच्या पिवळ्यातला आहे. कव्हर पुसायला थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको, पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात. कोरडं कापड. आता स्क्रू लावताना आधी उलटा फिरव. टक असा बारीक आवाज आला की जुन्या आट्यांत बसला, मग सरळ. सरळच घुसवलास तर तो प्लास्टिकमध्ये नवे आटे पाडतो आणि दोन-तीनदा असं झालं की भोक गेलंच. आणि लागला की थांब. अजून जरासा, असं करून शेवटचा पाव वेढा देणाऱ्याने जगात जितकी भोकं फोडली, तितकी पडून फुटली नसतील.

भाची : (शेवटचा स्क्रू लावून यंत्र चालू करते. पडदा उजळतो.) आणि ही जुनी?

मामा : जाळायची नाही, नदीकाठी टाकायची नाही. ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यायची. पण आज नको. सहा महिने ठेव. नव्या पाठीने दगा दिला तर हीच एपॉक्सी लावून परत बसवू. मी अजूनही म्हणतो, पारदर्शक नको होती.

भाची : मीही अजून म्हणते, हवी होती.

दोघांचं एकमत झालं नाही, आणि होण्याची गरजही नव्हती. मामांचं म्हणणं खरं आहे: हौसेला दुरुस्तीचं नाव देऊ नये, कारण न शोधता इलाज करू नये, आणि स्वस्त प्लास्टिकवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. भाचीचं म्हणणंही खरं आहे: जी वस्तू आपण विकत घेतली, ती उघडता येणं हा आपला हक्क आहे, आणि ज्या देशात तिचा अधिकृत कारागीर नाही तिथे तो हक्क हीच एकमेव दुरुस्ती आहे. पण मला विचाराल तर निर्णय भाचीच्या बाजूने, मामांच्या अटींवर.

जो भाग मार खाण्यासाठीच बनवला, तो बदलता आलाच पाहिजे. आपल्या लोहारांना हे कळत होतं, म्हणून धाव वेगळी होती आणि चाक वेगळं. आज वस्तू घडवणाऱ्यांनी तेवढं तरी करावं: साधे स्क्रू लावावेत, मार खाणारे भाग वेगळे विकावेत. सरकारनेही हातातल्या खेळाचं नाव नुसतं कचऱ्याच्या यादीत न ठेवता दुरुस्तीच्या यादीतही घालावं. आणि आपल्याकडून एवढंच व्हावं: घरातल्या पोराने किंवा पोरीने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, तर तो काढून घेऊ नका. शेजारी बसा, आणि आधी उलटा फिरवायला सांगा.